'बंद केलाय की!'

गॅस दोनदा बघणाऱ्या बाईचं आपल्याकडं कौतुकच होतं. माझंही झालं. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सूनबाईचं बघा, समई शांत झाल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही." त्यामुळं दोनदाचं दहादा झालं तेव्हा ते कुणाला खटकायचं कारणच नव्हतं. मलाही खटकलं नाही. त्यात मी राहते सांगलीत, मारुती चौकाच्या मागच्या गल्लीत. इथं ऑगस्ट उजाडला की सगळं गावच तपासायला लागतं. कोयनेतून किती सोडलं, आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं, अलमट्टीत काय चाललंय. अशा गावात एका बाईची काळजी उठून दिसणार तरी कशी?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनपाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तसं आम्ही सासूबाईंना धरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलो आणि विश्रामबागला नणंदेकडं गेलो. वाटेत ह्यांनी सहज विचारलं, "गॅस बंद केलास ना?" मला आठवेना. खरं म्हणजे तो प्रश्नच बिनकामाचा होता. लाईट आधीच घालवलेली, घर पाण्यात जाणार हे दिसत होतं, पाण्याखालच्या शेगडीचं काय घेऊन बसायचं! पण नणंदेकडं होतो तितके दिवस मी तेवढाच एक विचार करत होते. पाणी ओसरल्यावर परत आलो तर खिडकीच्या कठड्यापर्यंत चिखल, फ्रीज आडवा आणि सिलिंडर स्वयंपाकघरातून तरंगत मधल्या खोलीत येऊन पडलेला, नळीसकट. तो निघताना चालू होता की बंद, हे कळायला काही मार्ग नव्हता. आजही नाही.

मला हा त्रास पुरानं लागला, असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत होते. सांगायला सोपं, आणि सांगलीत कुणालाही पटतं. पुढं समुपदेशक मॅडमनी खोदून विचारलं तेव्हा बाकीचं बाहेर आलं. शाळेत असताना रात्री उठून दप्तर परत भरायचे. दहावीच्या पेपरावर बैठक क्रमांक बरोबर टाकलाय का, हे बघण्यात शेवटचा प्रश्न राहून गेला होता. लग्नानंतर माहेराहून निघताना तिथल्याही कड्या मीच बघायची. पुरानं फार तर त्याला वाट मोकळी करून दिली.

पुढच्या दोन-तीन वर्षांत सकाळचं घराबाहेर पडणं असं होऊन बसलं. सासूबाई पुरानंतर बहुतेक नणंदेकडंच, सणावाराला आमच्याकडं. हे सकाळी लवकर कुपवाडला कारखान्यात. शेवटचं कुलूप माझ्याच हातचं. शेगडीचं एकेक बटण बोटानं दाबायचं आणि मनात 'बंद' म्हणायचं. मग खाली वाकून रेग्युलेटर. मग बर्नरवर तळहात धरायचा. तो कोमट लागला की मघाशीच चहा केलाय हे ठाऊक असूनही पोटात गोळा यायचा. गीझरचा लाल दिवा, इस्त्रीचा प्लग, मोरीतला नळ, मोटरचं बटण. देवघराशी सगळ्यात जास्त वेळ, कारण विझलेल्या वातीच्या टोकाला बारीक लाल ठिणगी राहते, ती काळी पडेपर्यंत हलायचं नाही. काळी पडली तरी ती खरंच काळी आहे की मला तशी दिसतेय, हा पुढचा प्रश्न तयारच असायचा. मग कुलूप. लावायचं, ओढायचं, दोन पायऱ्या उतरून परत वर यायचं, अंगाचा भार देऊन लोंबकळल्यासारखं ओढायचं. मधेच रिक्षावाल्यानं हॉर्न दिला किंवा शेजारच्या काकूंनी "निघालीस का गं?" विचारलं की मोजणी बिघडली. पुन्हा शेगडीपासून.

एकदा दाराचा कोयंडा हलायला लागला म्हणून सुतार बोलावला. त्यानं स्क्रू काढले, लाकडातली रुंदावलेली भोकं बघितली आणि म्हणाला, "वहिनी, ह्यो चोरानं हलवल्याला न्हाई. रोज कोण तर घरातल्यानंच वढलाय." हे माझ्याकडं बघून हसले, मी भिंतीकडं बघितलं. सुतारानं जाड पट्टी आणि आरपार नटबोल्ट टाकून दिला. मला मनातून केवढा आनंद झाला! आता पाहिजे तेवढ्या जोरानं ओढता येणार होतं.

रात्रीची तऱ्हा वेगळी. रात्री तपासायला हे होते. "गॅस बंद आहे ना?" "बंद केलाय की." "रेग्युलेटर?" "तोही केलाय की!" "तुम्ही बघितलात, का नुसतं म्हणताय?" मग ते उठायचे, बघून यायचे, पडायचे. डोळा लागतोय तोवर माझा पुढचा प्रश्न. बिचाऱ्यांनी कधी आवाज चढवला नाही. हल्ली वाटतं, चढवला असता तर दोघांचीही झोप वाचली असती. त्यांचा तो 'की' म्हणजे माझ्यासाठी सावकाराकडचे उसने पैसे होते. आजची नड भागायची आणि उद्याचं व्याज वाढून बसायचं.

फोनचाही उपयोग करून बघितला. निघताना शेगडीचा फोटो काढायचा, कुलपाचा व्हिडिओ काढायचा. माझ्या गॅलरीत लेकीच्या फोटोंपेक्षा शेगडीचे फोटो जास्त झाले. थोडे दिवस बरं वाटलं. मग शंका आली, हा फोटो आजचाच कशावरून? तारीख-वेळ उमटणारं ॲप घेतलं. मग वाटायला लागलं, फोटो काढल्यावर पदर लागून बटण फिरलं असेल तर? शंकेला कागदपत्रं कितीही द्या, तिची फाईल काही निकाली निघत नाही.

कोडं एवढंच होतं की पतसंस्थेत मला यातलं काहीच होत नसे. मी लेखापालाच्या टेबलावर बसते. संध्याकाळी रोकड जुळवायची, तिजोरी लावायची, दोन किल्ल्या दोघांकडं, दोन सह्या. लावून टाकली की मी पुढच्या मिनिटाला रिक्षात. लाखांची तिजोरी एकदा लावून विसरणारी बाई घरच्या कुलपाला दहा वेळा का लोंबकळते? तसंच सासूबाई घरी असल्या की मी चप्पल घालून सरळ निघायचे, शेगडीकडं वळूनही बघायचे नाही. हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमची भीती आगीपेक्षा 'माझ्यामुळं' या शब्दाला चिकटलेली आहे." तिजोरीची जबाबदारी निम्मी दुसऱ्याची, सासूबाई असताना घराची जबाबदारी त्यांची. जिथं सगळं एकट्या माझ्या माथी, तिथंच हात सुटत नव्हता. इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

उपाय सुचवणारे कमी नव्हते. कुणी म्हणालं पत्रिका दाखवा, कुणी म्हणालं रिकामं डोकं. एका मावशींनी कुलूप लावताना रामरक्षा म्हणायला सांगितली. ती मला लहानपणापासून पाठ. आठवड्याभरात तीच गळ्यात पडली. एखादा शब्द अडखळला की पहिल्यापासून, आणि मनात घरचं काही वाईट आलं असताना म्हटलेली ओळ धरायची नाही. दारात उभी राहून मी रामालाही हिशेबाला लावलं होतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि मन रमवायला सांगितलं.

निर्वाणीची वेळ आली ती लेकीच्या पदवीदानाला. पुण्याला निघालो होतो. पेठ नाक्याला हायवेला लागलो आणि मला वाटलं, दूध तापवून शेगडी तशीच राहिली. शेजारच्या काकूंना फोन केला, त्यांनी खिडकीतून बघून सांगितलं, वास नाही, धूर नाही. तरी ऐकेना. ह्यांनी काही न बोलता गाडी वळवली. शेगडी बंद होती, ती असणारच होती. लेक तिकडं एकटीच स्टेजवर गेली. रात्री तिचा फोन आला. रडली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, "आई, एक नंबर पाठवलाय. उद्या तू लावणार आहेस का मी लावू?" तो १४४१६ होता, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली. मी लावला. मराठीत बोलणारी मुलगी होती, घाई न करता ऐकलं आणि म्हणाली, "याला औषध आहे, उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, पुढं ढकलू नका."

मिरजेला गेलो. सांगलीकर दुखणं घेऊन मिरजेलाच जातात, आणि तिथं ओळखीचं कुणी भेटलं तरी डोळ्याला दाखवायला आले म्हणता येतं. डॉक्टरांनी एक प्रश्नावली भरून घेतली. दहा प्रश्न, गुण चाळीसपैकी. दिवसाचा किती वेळ या विचारांत जातो, किती वेळ तपासण्यात, अडवायचा प्रयत्न करता का, अडवता येतं का. येल-ब्राऊन मापन म्हणतात त्याला, अमेरिकेत १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेलं, आजही जगभर तेच वापरतात. चोवीसपासून पुढं तीव्र. मी नुकतीच त्या उंबऱ्यात पाय टाकलेला. डॉक्टर म्हणाले, हा ओसीडी, मराठीत मंत्रचळ. वेड नव्हे, चारित्र्याचा दोष नव्हे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रमाण एक टक्क्याच्या जरा खाली निघालं होतं, असंही म्हणाले. मी पतसंस्थेतली, लगेच आकडेमोड केली. सांगली-मिरज-कुपवाडची वस्ती पाच लाखांच्या घरात. म्हणजे माझ्यासारखी काही हजार माणसं याच तीन गावांत असणार. मग ती सगळी आहेत कुठं? बहुतेक आपापल्या दारात, कुलूप धरून.

गोळी सुरू झाली. सर्ट्रालिन. डोस सांगत नाही, तो ज्याचा त्याचा वेगळा. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की या आजाराला बहुधा उदासीच्या आजारापेक्षा जास्त मात्रा लागते आणि फरक पडायला दोन-तीन महिने जातात, तेव्हा पंधरा दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणून सोडायची नाही. पहिले काही दिवस मळमळ, तोंड कोरडं, झोप विस्कटलेली. सवय लागेल का, ही आमच्या घरातली पहिली शंका. सवयीची ही गोळी नाही, पण मनानं एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवत न्यायची, हे त्यांनी ह्यांनाच समजावलं. फरक पडला तो असा की शंका यायची थांबली नाही, पण तिचा आवाज उतरला. पूर्वी ती कानात ओरडायची, आता शेजारच्या खोलीतून बोलायला लागली. खरं काम त्या उतरलेल्या आवाजात करायचं होतं.

ते काम मॅडमकडं. पहिल्याच बैठकीत मी म्हणाले, "माझी स्मरणशक्ती गेलीय, केलेलं आठवतच नाही." त्यावर त्यांनी एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. नेदरलँड्समधल्या व्हॅन डेन हाउट आणि किंट या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये तो मांडला. धडधाकट माणसांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा चालू-बंद करून तपासायला लावली. शेवटी विचारलं, शेवटच्या खेपेला काय तपासलंत? माणसांना आठवत होतं बरोबर, पण आपल्याला आठवतंय यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. आठवण धूसर झाली होती. पुढं कॅनडात खऱ्या स्वयंपाकघरातल्या खऱ्या शेगडीवर असाच प्रयोग झाला, तिथंही तेच दिसलं. म्हणजे मी आठवत नाही म्हणून तपासत होते, आणि तपासत होते म्हणून आठवत नव्हतं. पतसंस्थेतली तिजोरी मला लख्ख आठवायची, कारण ती मी एकदाच लावायचे. या एका गोष्टीनं माझं निम्मं काम केलं असं म्हटलं तरी चालेल. मला उपदेश पटत नाहीत, पण हिशेब जुळला की मी ऐकते.

उपचाराची रीत ऐकायला सोपी. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर जायचं आणि एरवी जे करून सुटका करून घेतो ते करायचं नाही. १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ही वाट पहिल्यांदा दाखवली, त्याआधी हा आजार जवळपास असाध्यच समजत. आम्ही एक शिडी लिहून काढली. ज्यानं कमी घाबरायला होतं ते खाली, ज्याच्या नुसत्या विचारानं घाम फुटतो ते वर. प्रत्येकापुढं शंभरपैकी आकडा. नळ एकदा बंद करून निघणं, वीस. इस्त्रीचा प्लग तसाच ठेवून फक्त बटण बंद करणं, पस्तीस. कुलूप एकदा लावून न ओढता जाणं, साठ. समई तेवत असताना कोपऱ्यावरून दूध आणणं, पंच्याऐंशी. मॅडमचा दंडक असा की साधारण माणूस रोज जे सहज करतो तेवढंच शिडीवर घ्यायचं. मुद्दाम गॅस उघडा टाकून जा, असलं काही त्या कधी सांगायच्या नाहीत. नळीची मुदत पाच वर्षांची असते, ती बघून वेळेवर बदलणं, हे त्यांच्या मते शहाणपण. तीच नळी रोज सकाळी दोन्ही हातांनी चाचपणं हा आजार.

कुलपाची पायरी आली तेव्हा त्या मला म्हणाल्या, "लावा, किल्ली पर्समध्ये टाका, चौकातल्या रसवंतीत जाऊन बसा. दर पाच मिनिटांनी आकडा लिहा." लावलं. हात आपोआप कुलपाकडं गेला तो मागं घेतला. रसवंतीपर्यंतचं ते चार मिनिटांचं अंतर मी कसं चालले ते माझं मला माहीत. बाकावर बसून डायरीत नव्वद लिहिलं. घुंगरं वाजवत चरक फिरत होता, माझ्या डोळ्यांपुढं दार सताड उघडं आणि आत कुणीतरी कपाट उपसतंय. पुन्हा नव्वद. मग पंच्याऐंशी. मधेच परत नव्वद, कारण गल्लीच्या बाजूनं कुणीतरी मोठ्यानं हाक मारली. अर्ध्या-पाऊण तासानं आकडा पन्नासावर आला तेव्हा मला चक्क रसाची चव कळली, आल्याचा झटका लागला. मी मॅडमना उत्साहानं सांगायला गेले की कुलूप लागलेलं होतं बरं का! त्यांनी तिथंच थांबवलं. "ते बघायला आपण गेलोच नव्हतो. लागलेलं आहे का माहीत नसताना रसवंतीत बसता येतं, एवढंच शिकायचं होतं." हे पचायला मला कुलपापेक्षा जास्त वेळ लागला.

सगळ्यात अवघड निघाली ती वेगळीच गोष्ट. मॅडमनी माझ्याकडून एक परिच्छेद लिहून घेतला. 'आज गॅस चालू राहिला असेल. घर पेटलं असेल. ते माझ्यामुळं झालं असेल. मला खात्री नाही, आणि मी बघायला जाणार नाही.' हे माझ्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करायचं आणि रोज ऐकायचं, कंटाळा येईपर्यंत. रेकॉर्ड करत होते मधल्या खोलीत. सासूबाई नेमक्या त्याच आठवड्यात आमच्याकडं आलेल्या. त्या पाण्याचा तांब्या घेऊन दारात थबकल्या. "असलं अभद्र घरात बोलतीस? वास्तू तथास्तु म्हणती, कळतंय का तुला?"

आता यावर काय बोलणार! मी स्वतः त्याच संस्कारातली. तिन्हीसांजेला वाईट बोलू नये, हे लेकीला मीच शिकवलेलं. मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचा आजार याच वाक्यावर जगतो. विचार आला म्हणजे ते घडणार, उच्चार केला म्हणजे मीच ते घडवलं." बरोबर असेल, पण त्यांना काही माझ्या सासूबाईंशी नांदायचं नव्हतं. शेवटी मी तडजोड काढली. कानात इयरफोन घालून गच्चीवर वाळवणं राखत ऐकायचे. घरात नाही, म्हणजे वास्तूचाही मान राहिला. मॅडमच्या मते ही पळवाट होती आणि पुढं त्यांनी ती बंद करून मला स्वयंपाकघरातच बसून ऐकायला लावलं. पण सुरुवात करायला ती पळवाट उपयोगी पडली, असं माझं मत आहे. कितीतरी दिवसांनी एकदा ऐकता ऐकता मला चक्क जांभई आली. घर पेटल्याचं वर्णन चाललंय आणि मी जांभई देतेय.

रामरक्षेचं डॉक्टरांनीच सोडवलं. म्हणाले, सोडू नका, फक्त कुलपापाशी म्हणायची नाही. दिवेलागणीला म्हणा, चुकली तर चुकली, पुढं चला.

ह्यांना दोन बैठकांना बोलावलं होतं. मदत म्हणून आपण जे करत आलो ते आजाराच्याच पंगतीला वाढत होतो, हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. त्यांना एक वाक्य ठरवून दिलं. मी विचारलं की म्हणायचं, "ते मी सांगणार नाही. तुझ्याजवळ बसतो." आमच्या घरात त्याचं झालं, "ते काय मी सांगणार नाही. चहा करू का?" पहिल्या काही रात्री मी रागावले, रडले, अबोला धरला. ते उशी घेऊन शेजारी बसून राहायचे, पण 'की' तोंडातून काढायचे नाहीत. मग मी आडून विचारायला लागले. "तुम्हाला कसला वास येतोय का हो?" "किचनचा लाईट कुणी बंद केला?" "आज पाणी प्यायला उठलाच असाल तुम्ही?" पहिल्यांदा ते फसायचे. एकदा तर नुसतं नाक वर करून वास घेतला आणि मला माझं उत्तर मिळालं. नंतर तेही तयार झाले. रात्री अकराला मी हवामानावर बोलले तरी विचारायचे, "हा प्रश्न आहे का गप्पा?"

पावसाळा आला तेव्हा नवीन पेच पडला. गॅसचं भय पोकळ, नदीचं खरं. २०२१ च्या जुलैमध्येही पाणी आलं होतं. तिथं 'बघू नका' म्हणून भागत नाही. बसून ठरवलं. कागदपत्रांची पिशवी आणि औषधं मे महिन्यातच माळ्यावर. पुलाची पातळी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, तीही फक्त प्रशासनानं दिलेली. ४० फूट ही इशारा पातळी, ती गाठली की नणंदेला फोन करायचा आणि सामान हलवायला लागायचं. ४५ पर्यंत थांबायचं नाही. मधल्या वेळात गल्लीच्या ग्रुपवर येणारे पुलाचे व्हिडिओ उघडायचे नाहीत. हे पाळणं कुलपापेक्षा कठीण, कारण कुलपाच्या बाबतीत निदान सगळं गाव माझ्या बाजूनं तपासत नव्हतं. दुकानात, रिक्षात, पतसंस्थेत जो तो विचारतोय, "किती झालं?" मी म्हणायचे, "संध्याकाळी बघणार." लोकांना वाटायचं, बाईला काळजीच नाही!

आणि मग नवरात्र. आमच्याकडं घट बसतात, नऊ दिवस नंदादीप. इतर दिवशी मला दिवा पेटता राहिल्याची भीती. या नऊ दिवसांत तो विझल्याचीही. आगीसाठी उठायचं आणि अशुभासाठीही उठायचं, अशी माझी जुनी नवरात्रं गेलेली. शिडीवर हे नव्हतंच, पंचांगानं आणून ठेवलं. मॅडम म्हणाल्या, झोपताना तेल घाला आणि सकाळी उठा. पहिल्या रात्री मी जागीच होते, पण अंथरुणातून उठले नाही. आकडा लिहायचीही शुद्ध नव्हती. माळ चढली, दिवस गेले, थोडी थोडी झोप लागायला लागली. सातव्या-आठव्या माळेला पहाटे जाग आली ती देवघरातल्या काडेपेटीच्या आवाजानं. सासूबाई बसल्या होत्या. मी तिथूनच विचारलं, "आई, विझला होता?" वास्तू तथास्तु म्हणणाऱ्या माझ्या सासूबाई काजळी झटकत म्हणाल्या, "वात सरकली होती. लावली परत. देवी काय हजेरी घेऊन बसलीय होय? झोप जा." मी जाऊन झोपले.

गोळी अजून चालू आहे, मात्रा कमी केलीय. प्रश्नावलीतले गुण सौम्यमध्ये येतात. शून्य नाही, आणि डॉक्टरांनी शून्याचं आश्वासन कधी दिलंही नव्हतं. मार्चअखेरीला कामाचा ताण आला, झोप कमी पडली की कुलूप परत ओढलं जातं. एखाद्या दिवशी ओढते आणि जाते, आठवडाभर त्याचा शोक करत बसत नाही. शेगडीचे फोटो लेकीनं बसून पुसून टाकले. एक ठेवायचा म्हणत होते, तिनं ठेवू दिला नाही.

सध्या शिडीवर लेकीचाच फोन आहे. ती पुण्यात नोकरीला लागलीय, दुचाकीनं जाते-येते. तिनं फोन उचलला नाही की मी तिचं शेवटचं ऑनलाईन केव्हाचं ते बघायचे, मग तिच्या मैत्रिणीचं, मग पुण्यातल्या अपघातांच्या बातम्या. आता रात्री साडेनवाला एक फोन, तो तिनं करायचा. नाही आला तर मी वाट बघायची, मैत्रिणीला विचारायचं नाही. परवा दहा वाजून गेले तरी आला नाही. ह्यांच्याकडं बघितलं तर ते आधीच चहाचं पातेलं घेऊन उठले होते. फोन सव्वादहाला आला. "अगं, मीटिंग लांबली. तू किती लिहिलंस?" मी म्हणाले, "सत्तर." ती म्हणाली, "गेल्या वेळी पंच्याऐंशी होतं," आणि मग जेवायला काय केलंय ते विचारायला लागली.